पंच नंबर दोन

दिवसभर गल्लीतून पाणी वाहत होतं आणि कुणीही ओरडलं नाही.

पितळ चिंचेनं घासलं की सोन्यासारखं दिसतं.

वजनाच्या वहीत शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो. त्यात ‘सर्दी’ मावते. ‘जुलाब’ मावतात.

हौसाबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. उजव्यातही.

‘संशय नाही’ लिहायला तीन सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय.

आठ किलो दोनशे.

*

आठ किलो दोनशे हे सुताराच्या बाळाचं वजन. बाळ काट्याच्या झोळीत लोंबकळत होतं, आई खाली हात धरून उभी होती, मी आकडा वहीत लिहीत होते, आणि अंगणवाडीच्या दारात पोलीस पाटील भूपाल चौगुले येऊन उभे राहिले. चप्पल न काढता. एरवी ते चप्पल काढत.

“गुरव बाई, चला. पंच पाहिजे.”

“कुणाचं?”

“धोंडिरामची छबू. पंपाच्या विहिरीत.”

मी वही पिशवीत टाकली. बाळ झोळीतच राहिलं. मागून त्याची आई म्हणाली, “बाई, याला उतरवू का?” मी तोवर दाराबाहेर होते.

मोरदरीत बाईचं प्रेत सापडलं की पंचनाम्याला पंच बायकाच लागत. पद्धत अशी. चार जणी लुगडी ताणून आडोसा धरायच्या. आत दोघी पंच आणि प्रेत. बाहेर हवालदार स्टुलावर, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, मध्ये कार्बन. तो बाहेरून एकेक अवयव विचारणार, आतली बाई बघून मोठ्यानं सांगणार, तो लिहिणार. गाव भोवताली उभं. पुरुषाची नजर आत जात नाही, बाईचा आवाज बाहेर येतो. मी हे सहा वेळा केलं होतं. एक सर्पदंश, दोन भाजलेल्या, तीन विहिरी. पंच नंबर एक नेहमी हौसाबाई, कारण गावात मेलेल्या बायकांना तीच न्हाऊ घालायची. तिचा अंगठा. पंच नंबर दोन मी. माझी सही.

विहिरीवर शिंगटे हवालदार होते. या माणसाला गाव मानायचं, हे सांगितलंच पाहिजे. यात्रेत चुकलेली पोरं ते खांद्यावर बसवून आणत. अंगणवाडीचं कुलूप फुटलं तेव्हा दोन दिवसांत चोर धरला होता. मला ताई म्हणत.

“या ताई. तुमच्यासाठीच थांबलोय. तुमच्या सहीला तालुक्यात वजन आहे.”

पंपघराच्या भिंतीला टेकून छबूचे वडील बसले होते. धोंडिराम सनदी. ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम त्यांचं, म्हणून अख्खा गाव त्यांना तात्या म्हणायचा आणि रोज शिव्याही द्यायचा. सकाळी ते सनदी गल्लीचा व्हॉल्व्ह उघडत होते, तेव्हा कुणीतरी पळत येऊन सांगितलं. ते तसेच धावले. व्हॉल्व्हची चावी, ती कमरेएवढी लोखंडी दांडी, अजून त्यांच्या हातात होती. गल्लीत पाणी तसंच चालू राहिलं होतं.

छबू तेवीस वर्षांची. दूध डेअरीच्या चेअरमनकडे भांडी घासायची. आदल्या आठवड्यात चेअरमनच्या घरातला चांदीचा करंडा गेला आणि छबूला चौकीत चौकशीला बोलावलं. दोन दिवस. सकाळी जायची, दिवस मावळायच्या आत परत. गावाला माहीत होतं. गावाला वाटलं, शिंगटे आहेत, विचारतील आणि सोडतील. मलाही तसंच वाटलं होतं. माझ्याकडे छबूची आई रडत आली होती तेव्हा मी तिला म्हणाले होते, “शिंगटे हवालदार आहेत ना? मग काळजी कशाला करतेस?”

आडोशात शिरायच्या आधी तात्यांनी माझं मनगट धरलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

“बाई.”

“काय तात्या?”

“समद्या गावाम्होरं माझ्या लेकीचं अंग वाचू नगा.”

“तात्या, जे असेल ते सांगावं लागतं.”

“झाकून घ्या. येवढंच म्हंतो. झाकून घ्या.”

त्यांच्या मागे हवालदार कार्बनचा कागद सरळ करत होते.

*

आत.

हौसाबाई छबूच्या डोक्याशी बसली. “मला काय दिसतंय गं? तूच बघ आन् तूच बोल,” म्हणाली. मग छबूच्या केसांतलं शेवाळ बोटांनी काढायला लागली.

बाहेरून: “डोकं?”

“जखम नाही.”

“डोळे?”

“मिटलेले.”

“नाक, तोंड?”

“फेस आहे.”

“मान? गळा?”

“काही नाही. काळा दोरा आहे.”

“हात?”

“काही नाही. बांगड्या... डाव्या हातात दोन. उजव्या हातात नाहीत.”

“छाती, पोट?”

“काही नाही.”

“आता पालथी करा.”

मी आणि हौसाबाईनं तिला वळवलं. ओलं पोलकं सोडवायला वेळ लागला. हूक गंजले होते.

बाहेरून आवाज आला नाही.

प्रश्न यायला हवा होता. एरवी शिंगटे भराभर विचारत, ‘पाठमांड्यापिंढऱ्या’ एका दमात. आम्ही मागून हसायचोही, हवालदार पाढे म्हणतोय म्हणून. त्या दिवशी ते थांबले. मी जे बघत होते तेच बघत राहिले. लुगड्यापलीकडे कुणीतरी खाकरलं. तात्याच ते. ती खाकर मला ओळखीची होती. गल्लीत पाणी सोडलं की तसंच खाकरून सांगत.

मग, हळू:

“पाठ?”

बाहेर शंभर माणसं असतील. लहान पोरं झाडावर चढली होती. लुगडं धरलेल्या चार जणींपैकी एक माझी जाऊ, तिनं मान वळवून घेतली होती. माझ्या मनात एकच होतं: हे ओरडून सांगायचं नाही. बाहेर जाऊन हवालदारांच्या कानात सांगू. ते लिहून घेतील. शिंगटे आहेत.

मी म्हणाले, “काही नाही.”

हौसाबाईचा हात केसांत थांबला. तिला दिसत नव्हतं, पण तिच्या दुसऱ्या हाताचा तळवा मघापासून छबूच्या पाठीवर होता.

“मांड्या? पिंढऱ्या?”

“काही नाही.”

बाहेर हवालदार म्हणाले, “पाणी द्या रे कुणीतरी.”

*

मी बाहेर आले तेव्हा ते पाणी पीत होते. मी त्यांच्या कानाशी गेले.

“हवालदार, एक राहिलंय. पाठीचं. मी तात्यांसमोर बोलले नाही. तुम्ही लिहून घ्या, फक्त मोठ्यानं वाचू नका.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

“ताई, काय सांगितलंत तुम्ही?”

“काही नाही म्हणाले, पण...”

“मी काय लिहिलं?” त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. पाठ, काही नाही. स्वच्छ अक्षर. “मी माझ्या मनाचं एक अक्षर लिहिलंय का? तुम्ही बोललात, शंभर जणांनी ऐकलं, मी लिहिलं. आता खाडाखोड करू? मग उद्या कोर्ट विचारेल, हवालदारानं पंचनामा बदलला का?”

“बदलू नका. खाली एक ओळ घाला.”

“खाली पंचांचं मत असतं. बुडून मृत्यू, संशय नाही. घातलंय ते.” मग जरा मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं, “ताई, थकलाय तुम्ही. बसा. बसून सही करा.”

मी मातीत बसले, मांडीवर पाटी घेतली. ते समोर उभे राहिले. त्यांच्या पट्ट्याचं बकल माझ्या डोळ्यांसमोर आलं, चिंचेनं घासल्यासारखं लखलखीत. चौकोन, चौकोनाच्या आत गोल. मी ते नीट पाहिलं.

मग सही केली.

*

साडेदहा.

पोलीस पाटलांच्या ओसरीवर चौगुले पान लावत होते.

“पाटील, तालुक्याला फोन करा. प्रेत सरकारी दवाखान्यात जायला पाहिजे. डॉक्टरनं बघायला पाहिजे.”

“का?”

“मी खोटं बोलले.”

त्यांनी चुना जास्तच लावला. “कुठं?”

“आडोशात.”

“बाई, आत कोण होतं? तुम्ही. बाहेर कोण होतं? आम्ही. आम्हाला काय ठाऊक की हो? तुमच्या मतावर शिंगट्यांनी प्रेत ताब्यात दिलं. तात्यानं स्वतः अंगठा दिलाय, लेकीला फाडायची नाही म्हणून. आता तुम्ही म्हणता डॉक्टर. चेष्टा आहे का?”

“पाटील, तुम्ही पोलीस पाटील आहात.”

“आहे की. त्यात पोलीस पहिले आणि पाटील मागून.” ते हसले, मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. “तात्याकडं जा. बाप थांबा म्हणाला तरच दहन थांबेल. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.”

*

तात्यांच्या दारात तिरडी बांधत होते. पाणी गल्लीतून, उंबऱ्याला घासून, खाली ओढ्याकडे चाललं होतं. बायका रडत होत्या आणि त्यांचे पाय ओले होत होते. छबूची धाकटी बहीण, शेवंता, दारातल्या चुलीवर पाणी तापवत होती. अठरा वर्षांची. तिनं माझ्याकडे पाहून पदर पुढं ओढला.

मी तात्यांना व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी नेलं. ते आले, चावी घेऊन. पण खड्ड्यात उतरले नाहीत. मी पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं. खालच्या आवाजात. कुठे, किती, कशाचे.

ते चावीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

“ठावं हाय मला,” म्हणाले.

“काय?”

“पालथी झोपली हुती पोर. मीठ तापवून शेकलं तिच्या आयनं. मला ठावं न्हाई व्हय?”

“मग मला झाकायला का सांगितलंत?”

त्यांनी मान शेवंताकडे वळवली. तेवढंच.

“सकाळी प्रेत वर काढलं तवा हवालदार कानाशी येऊन म्हनला. करंडा अजून घावला न्हाई, धाकटीबी तितंच जात हुती न्हवं कामाला? तिलाबी इचारावं लागंल. म्हनून बोललो तुमाला. मी बाप हाय. मी भ्यालो. म्या न्हाई म्हनायचंच हुतं. पर बाई, तुमाला कुनाचं भ्या हुतं?”

मी पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं.

“मला वाटलं, बाई शिकल्याली हाय. म्या न्हाई म्हनलो तरी बोलंल. पाठ म्हनला तवा श्वास धरून बसलो हुतो. म्हनलं, आता बोलंल. आता बोलंल.”

ओढ्याकडे पाणी चाललं होतं. माझ्या चपला बुडाल्या होत्या.

“तात्या, बाराची गाडी आहे. मी तालुक्याला जाते. साहेबांना सांगते, मीच खोटी सही केली. चारपर्यंत येते कुणाला तरी घेऊन. तोवर थांबाल?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिरडीकडे.

“थांबतो,” म्हणाले. “चार वाजंपतोर कुनाला हात लावू देत न्हाई. जावा.”

*

तालुक्याचं पोलीस ठाणं. भिंतीवर कालनिर्णय, टेबलावर वायरलेसचा संच, त्याच्या मागे ठाणे अंमलदार, समोर भडंगाचा कागद.

“बोला.”

“तक्रार आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याचविरुद्ध.”

त्यानं भडंग खायचं थांबवलं. “आयला. हे नवीन. बसा. काय केलंत तुम्ही?”

“पंचनाम्यात खोटं सांगितलं. सही केली. मोरदरीचा, आजचाच. मला अटक करा हवी तर. पण आधी प्रेत थांबवा. चारपर्यंत थांबेल. डॉक्टरला एकदा पाठ बघू द्या. फक्त पाठ.”

“मोरदरी म्हणजे शिंगटे.”

“हो.”

“शिंगट्यांचं काय म्हणणं?”

“त्यांचं म्हणणं मी बोलले तेच त्यांनी लिहिलं.”

“खरंय ते?”

“खरंय.”

तो हसला. वाईट नाही हसला, घरातली लहान बहीण काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यावर हसतात तसा. “बाई, तुम्ही अंगणवाडीच्या ना? चहा सांगू? साहेब दौऱ्यावर आहेत. थांबा, मी विचारतो.”

मला वाटलं, साहेबांना विचारेल. मी हात जोडले. खरंच जोडले.

त्यानं वायरलेसचा माइक तोंडाशी धरला.

“मोरदरी, मोरदरी. शिंगटे आहेत का? हां. अहो, तुमची पंच नंबर दोन इथं येऊन बसलीय. म्हणते, चारपर्यंत प्रेत थांबवलंय. हां. हां. बघा तुमचं तुम्ही. आटपून घ्या.”

खाली ठेवला. “सांगितलंय त्यांना,” म्हणाला.

मी उठले. तो म्हणाला, “चहा येतोय की.” मी पळाले. परतीची गाडी साडेतीनला होती. अडीच वाजले होते. स्टँडवर मी उभी राहिले, मग चालायला लागले, मग परत आले. एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला, तो थांबला नाही. एका जीपवाल्याच्या पाया पडले, त्याला मोरदरीला जायचंच नव्हतं. एक तास. एवढा मोठा तास मी परत कधी पाहिला नाही.

गाडीत मी पिशवीतून वही काढली. दुसरा कागद जवळ नव्हता. सुताराच्या बाळाच्या खाली नवी ओळ धरली. नाव: छबू धोंडिराम सनदी. वय: तेवीस. वजनाचा रकाना रिकामा ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली, तो पुरला नाही, मग समासात गेले, मग पुढच्या महिन्याच्या पानावर. गाडी खड्ड्यांतून जात होती. अक्षर वाईट आलं, पण वाचता येतं. आजही येतं.

*

धूर खिंडीतूनच दिसला.

मला नंतर कळलं ते असं. तीनला शिंगटे आले, बरोबर दोन शिपाई, बंदोबस्त म्हणून. तात्या तिरडीच्या आडवे उभे राहिले, चावी धरून. म्हणाले, बाई येऊ द्या. शिंगट्यांनी काही जोर केला नाही. शेवंताला नुसती हाक मारली. “शेवंते, जरा इकडं ये गं.” तात्यांनी चावी खाली टाकली. एवढंच झालं.

मी पोचले तेव्हा ते व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी बसले होते. डोकं भादरलेलं. पाणी अजून चालूच होतं. टाकी रिकामी होत आल्यामुळे धार बारीक झाली होती. गल्लीतल्या बायका त्या बारीक धारेखाली घागरी लावून गुपचूप भरत होत्या.

“कुनी लिवून घेतलं?”

“नाही तात्या.”

“कुनीच न्हाई?”

“मी लिहिलंय. वहीत.”

“दावा.”

मी वही उघडून धरली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानावर बोट ठेवलं, ओळीवरून हळूहळू फिरवलं, समासात नेलं, पुढच्या पानावर आणलं.

“लई हाय,” म्हणाले.

“हो.”

“वाचा.”

“तात्या...”

“मोठ्यानं वाचा. समद्या गावाम्होरं. सकाळी न्हाई म्हनलो, आता म्हंतो. वाचा, बाई.”

बायकांनी घागरी धरलेले हात थांबवले. माझी जाऊ होती. हौसाबाई ओट्यावर बसली होती, तिनं कान इकडे केला. मी उभी राहिले. वही छातीसमोर धरली. छबूचं नाव वाचलं. वय वाचलं.

गल्लीच्या टोकाला दोन शिपायांपैकी एक सायकलला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. दारात शेवंता न्हाणीचं पाणी ओतत होती, तो तिच्याकडे बघत होता.

मी वही मिटली.

“उद्या वाचते, तात्या,” म्हणाले.

तात्या उठले. खड्ड्यात उतरले, चावी बसवली, फिरवली. पाणी बंद झालं.

*

सव्वीस वर्षं झाली. शिंगटे निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांना फेटा बांधला, मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. तात्या गेले. हौसाबाई त्याआधीच गेली, ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. करंड्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. शेवंता विजापूरकडे नांदते. गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं, दोन ओळींचं: आई पण गेली. ती वही तुमच्याकडे आहे का?

छबूच्या पाठीवर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत सात आडवे वळ होते, आणि सर्वांत खालच्या वळाच्या टोकाला बकल उमटलं होतं, चौकोन, चौकोनाच्या आत गोल.